विसाचं लग्न, चाळिसाचं लग्न

बारामती, २ नोव्हेंबर

चि. गार्गीस,

तुझं पत्र पोचलं. व्हिएन्नाच्या घरमालकीणबाईंनी तुला श्नाप्सन शिकवलं आणि राजा-राणीची जोडी दाखवून तू त्यांच्यावरच डाव जिंकलास, हे मी तुझ्या काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तू विचारलं आहेस, वालचंदनगरला आजी-आजोबा खेळायचे तो हाच खेळ का? हाच नव्हे, पण एकाच घराण्यातला. आपला तो बिझिक.

या घराण्याचा जुना खेळ मारियाज. लाइप्झिगला १७१५ साली खास बायकांसाठी छापलेल्या कोशात त्याची नोंद आहे. त्यातूनच पुढे जर्मनीचा सहासष्ट आणि तुझा श्नाप्सन आला. पाडरबोर्न गावात तर सहासष्ट इथेच १६५२ साली जन्मला अशी पाटी लावली आहे. त्याला कागदोपत्री पुरावा नाही, पण एखाद्या गावाला पत्त्यांच्या खेळाचा इतका अभिमान वाटावा हे मला फार आवडलं. एकाच रंगाचे राजा-राणी हातात आले की त्यांचं लग्न, त्याचे वीस गुण, हुकमाचे असतील तर चाळीस, हा नियम तिथपासून आजतागायत टिकला आहे. रशियन लोक त्यांच्या 'हजार' नावाच्या खेळात बदामच्या लग्नाला शंभर देतात, चौकटला ऐंशी, किलवरला साठ आणि इस्पिकला चाळीस. स्पेनच्या पत्त्यांत राणीच नाही, म्हणून तिथे राजाची जोडी घोडेस्वाराशी लावतात!

राणी आपल्या गंजिफातही नव्हती. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, मिळून एकशे वीस. वरची दोन पानं राजा आणि प्रधान. दिवसा रामाच्या राजाची उतारी, रात्री कृष्णाच्या. पानांवरची चित्रं बघत राहावीत अशी. पण त्या खेळात लग्न लागायला वावच नाही.

बिझिक फ्रान्सचा. इंग्लंडात १८६० च्या दशकात त्याची लाट आली, आणि इंग्रजीतूनच तो आपल्याकडे आला. चर्चिल सहा कॅट घेऊन खेळायचे. वालचंदनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये दोनच कॅट होते, एक निळ्या पाठीचा, एक लाल. साखर कारखान्याचा हंगाम सुरू असला की अण्णांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, पाळ्या फिरायच्या. पहिली पाळी असली की चारच्या चहानंतर ते आणि आई सतरंजीवर समोरासमोर बसायची, आणि मी पाटीवर गुण मांडायची.

तुला नीट सांगते, कारण हे कुणी तरी लक्षात ठेवायला हवं. दुरीपासून छक्कीपर्यंतची पानं काढून टाकली की दोन कॅटची चौसष्ट पानं उरतात. प्रत्येकाला आठ वाटायची, पुढचं पान उलटलं की तो हुकूम. एक्क्याखाली दश्शी, तिच्याखाली राजा. हात जिंकणाऱ्यानं एक जोडी मांडायची, गठ्ठ्यातून पान उचलायचं, मग दुसऱ्यानं उचलायचं. गठ्ठा संपेपर्यंत उतारीच्याच रंगाचं पान टाकायचं बंधन नाही; शेवटच्या आठ हातांत मात्र ते येतं. इस्पिकची राणी आणि चौकटचा गुलाम हे खुद्द बिझिक, त्याचे चाळीस; दोन्ही कॅटमधली जोडी एकदम मांडता आली तर पाचशे. हुकमाची एक्का, दश्शी, राजा, राणी, गुलाम ही ओळ लागली की अडीचशे. मांडलेली पानं समोर उघडी राहतात, पण खेळायला ती आपल्या हातातलीच.

आता आईचा खेळ सांगते. अण्णा एक्के आणि दश्श्या गोळा करायचे, कारण जिंकलेल्या हातातल्या प्रत्येक एक्क्या-दश्शीचे दहा. पण बेरीज करून बघ: दोन कॅटमध्ये अशी सोळा पानं, म्हणजे सगळे मिळून एकशे साठ, आणि तेही दोघांत वाटले जाणार. आईला ही बेरीज पक्की ठाऊक होती. ती हुकमाची राणी धरून बसायची. राजा आला तरी चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. जोडी नुसती हातात असून भागत नाही. मांडायची तर आधी हात जिंकावा लागतो. त्यासाठी दुसऱ्या रंगाचा एक्का ती खुशाल टाकायची, आणि मग शांतपणे राजा-राणी सतरंजीवर ठेवायची. चाळीस. पुढचा हात मिळाला की त्याच जोडीला एक्का, दश्शी, गुलाम लावून अडीचशे. आधी ओळ मांडली असती तर त्याच राजा-राणीचं लग्न पुन्हा लावता आलं नसतं. दोन्ही मिळून दोनशे नव्वद, फक्त क्रम सांभाळल्यामुळे. पाटीवर हा आकडा लिहिताना मला काय आनंद व्हायचा!

तुमच्या श्नाप्सनमध्ये पानं वीस आणि हातात पाचच, म्हणून सगळं झटपट होतं. तिथे उतारी आपली असतानाच लग्न सांगता येतं, आणि जोडीतलं एक पान लगेच टाकावंही लागतं. तुझ्या घरमालकीणबाई म्हणतात ते खरं असेल, की गठ्ठा केव्हा बंद करायचा हे कळलं की श्नाप्सन कळला. मला मात्र बिझिकचा सावकाशपणाच जास्त भावतो.

आपल्याकडच्या खेळांत राजा-राणीला असा मान नाही. मेंढीकोटात दहिल्यांची मारामारी. 'तीनशे चार' या खेळात गुलाम तीस, नव्वी वीस, एक्का अकरा, दश्शी दहा, मग राजा तीन आणि राणी दोन. चार रंगांची बेरीज तीनशे चार. गुलाम-नव्वीचं हे वर्चस्व स्वित्झर्लंडच्या यास खेळात हुकमाच्या रंगात दिसतं, पण तिथे हुकमाच्या राजा-राणीला वीस गुण आहेत. बंगालातल्या ट्वेंटीनाइनमध्येही हुकमाची जोडी दाखवली की बोली चारनं खाली-वर होते. तीनशे चारमध्ये मात्र ही दोघं सुटी असोत की एकत्र, किंमत तीन आणि दोनच.

इथे भिगवण रोडच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी कट्ट्यावर मेंढीकोट रंगतो, पण त्याला चार माणसं लागतात आणि बायका तिथे बसत नाहीत. पत्ते म्हटलं की लोकांना तीनपत्ती आठवते, नाहीतर मोबाईलवरची रमी. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं केला, ते फार चांगलं झालं. त्या नादात कर्जबाजारी झालेली घरं मी पाहिली आहेत. पण त्यापायी घरातला कॅटच माळ्यावर जावा, हे मला पटत नाही. आज बारामतीत आणि इंदापुरात घरोघरी दोनच माणसं राहतात, मुलं पुण्याला किंवा तुझ्यासारखी परदेशी. दोघांनीच खेळायचा, पैसा न लावता तासभर डोकं गुंतवणारा खेळ आपल्या घरात होता, आणि तो आपणच विसरत चाललो आहोत. मी तुझ्या काकांना शिकवला. इंदापूरच्या वन्सं आल्या की त्यांच्याशीही खेळते. हुकमाची राणी त्या आता आईसारखीच धरून बसतात.

तर माझं एक काम कर. तिघांनी बिझिक खेळायची आईची वेगळी रीत होती, ती तुझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त आठवते. फोनवर विचारून वहीत उतरून घे. तुझ्या लेकीला आधी साधं लग्न शिकव, गुण तिलाच मांडू दे. आणि येताना श्नाप्सनचा एक कॅट घेऊन ये. घरमालकीणबाईंचे सगळे नियम मला इथे बसून शिकायचे आहेत.

तुझी,
मावशी