काळ्या मातीतली मागची चाकं

माझा पुतण्या माँट्रियलला असतो. दोनेक वर्षांपूर्वी त्याने तिथे एक जुनी गाडी घेतली. मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे ज्याला रिअर व्हील ड्राइव्ह म्हणतात ती. नोव्हेंबर लागला तसा त्याचा फोन आला, "काका, तुमची ओम्नीही मागच्याच चाकांवर चालते ना? घसरते तेव्हा काय करता?"

मला हसूच आलं. मी आजवर बर्फ पाहिलाय तो मडगावच्या मासळीबाजारातल्या पेट्यांमधला. मी काय सांगणार? पण मग तोच सांगू लागला आणि मी ऐकत गेलो. क्युबेक प्रांतात २००८ पासून हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आता १ डिसेंबर ते १५ मार्च ते लावावेच लागतात. साधा टायर सात अंशांच्या खाली थंडी गेली की कडक होत जातो आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, त्याच्या खाचा खोल असतात, आणि त्या ठोकळ्यांवर सुरीने चिरल्यासारख्या बारीक बारीक चिरा असतात. बाजूला तीन शिखरं आणि आत हिमकण अशी खूण असली म्हणजे टायर खरा. शेवटी तो म्हणाला, "आणि इथली जुनी माणसं डिकीत वाळूची पोती टाकतात, मागे वजन यावं म्हणून."

इथे माझं हसू थांबलं. कारण हा पोत्याचा उपाय मी धारवाडात शिकलोय. तिथे वाळूऐवजी जोंधळा असतो, एवढंच!

धारवाड हे माझं सासर. बेंद्र्यांचं साधनकेरी तिथेच. घरात मराठी आणि कवितेत कन्नड असा तो माणूस. जी. ए. कुलकर्णी तिथेच वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत आले. अशा गावाला वर्षातून आठ-दहा वेळा जाऊन मी लिहितोय काय, तर टायरबद्दल. मंडळी, चालवून घ्या. सरकारी कारकुनाला शेवटी ज्याचं बिल द्यावं लागतं तेच जास्त आठवतं.

आमची ओम्नी २०१२ सालची. लोक विचारतात, अजून विकली नाही? नाही विकली, त्याचं कारण माझ्या सासूबाई. चार वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत आहेत. आजकालच्या गाड्यांत बसायचं म्हणजे वाकायचं, पाय दुमडायचा, मग अंग वळवायचं. ओम्नीचं दार सरकतं आणि आत प्रशस्त जागा आहे. दोघांनी खुर्चीतून उचललं की त्या सरळ सीटवर. हुबळीच्या डॉक्टरकडे न्यायचं असो की देवाला, मेव्हण्याच्या चकचकीत गाडीला त्या हातही लावत नाहीत. "जावईबापूंचा डबा येऊ दे," म्हणतात. म्हणून अधूनमधून शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की डबा फोंड्याहून निघतो. मोले, अनमोड, रामनगर, अळणावर, धारवाड.

आता हा डबा मागच्या चाकांवर चालतो म्हणजे काय होतं ते सांगतो, कारण पुतण्याचा आणि माझा प्रश्न तिथेच एक होतो. अँबॅसिडर, पद्मिनी, आपल्या लहानपणीच्या सगळ्या गाड्या अशाच. इंजिन पुढे, तिथून लांब दांडा मागे, आणि ढकलणारी मागची चाकं. १९८३ साली मारुती ८०० आली ती पुढच्या चाकांनी ओढणारी. इंजिनाचं ओझंही त्याच चाकांवर, त्यामुळे पावसात ती बरी चिकटून चालते. १९८४ ची मारुती व्हॅन, जी पुढे ओम्नी झाली, ती मात्र जुन्या रीतीची राहिली. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यावर आपण बसलेले, आणि मागे रिकामा पत्रा. म्हणजे ज्या चाकांनी जोर लावायचा त्यांच्यावरच वजन नाही. ओल्यात जरा जोरात ॲक्सिलरेटर दिला की मागचं चाक जागच्या जागी गरगरतं. त्यातही डिफरन्शियलचा स्वभाव असा की जे चाक घसरतंय त्यालाच तो फिरवत राहतो आणि कोरड्यावरचं चाक स्वस्थ बसतं. (आमच्या खात्यात काम वाटून देण्याची पद्धत नेमकी उलटी आहे, जो काम करतो त्यालाच दिलं जातं.)

पण मागे तीन माणसं बसवा, नाहीतर जोंधळ्याची दोन पोती टाका, की हीच गाडी चढावर शहाण्यासारखी वागते. चढावर वजन आपोआप मागे सरकतं ना. अनमोड चढताना मला कधी काळजी वाटली नाही. काळजी परत येताना, उतारावर. तिथे वजन पुढे जातं, शेपूट हलकं होतं, आणि जुलैच्या पावसात कड्यावरून येणारं पाणी रस्ता ओलांडत असतं. वळणात शिरल्यावर गिअर खाली टाकला तर मागच्या चाकांना एकदम आचका बसतो आणि शेपूट बाहेर जायला बघतं. म्हणून गिअर वळणाच्या आधी टाकायचा. आणि गेलंच शेपूट, तर ब्रेकवर नाचायचं नाही. ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा, जिथे जायचंय तिकडे बघायचं आणि तिकडेच स्टिअरिंग द्यायचं. ओम्नीला एबीएस वगैरे काही नाही. सुरक्षेचे नवे नियम आले आणि २०१९ मध्ये ती बंदच झाली, हे तिच्यावर प्रेम असूनही मला बरोबरच वाटतं.

या वर्षी मेमध्ये टायरचा प्रश्न आला. नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाली की टायर बाद. खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की समजायचं. पण हा नियम कोरड्या रस्त्यावरच्या माणसाने केला असावा असा मला संशय आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाच असते ती पाणी बाहेर फेकायला. ती उथळ झाली की टायरखाली पाण्याचा पापुद्रा राहतो आणि गाडी रस्त्यावर नसून पाण्यावर चालते. तेव्हा स्टिअरिंग हातात एकदम हलकं लागतं. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना कळेल की तो हलकेपणा किती वाईट असतो. माझ्या मते आपल्याकडे तीन मिलिमीटर राहिले की पावसाळ्यापूर्वी टायर बदलावा. बर्फवाल्यांना कायदा सांगतो, आपल्याला आपणच सांगायचं.

चारही टायर एकदम घेणं त्या महिन्यात बसत नव्हतं, दोनच घ्यायचे ठरले. आणि दोन घेतले की वाद सुरू होतो, पुढे घालायचे की मागे? हुबळीतल्या दुकानदाराने न विचारताच जॅक पुढे लावला. "पुढचा फुटला तर गाडी हातात राहत नाही हो," असं त्याचं म्हणणं. मेव्हण्याचंही तेच. ही समजूत सगळीकडे आहे, आणि ऐकायला पटते. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ लागते, हाताला लगेच कळतं, वेग कमी केला की पुन्हा वळते. मागची घसरली तर कळेपर्यंत गाडीचं तोंड आल्या वाटेला झालेलं असतं. म्हणून चांगले टायर मागे. पुढच्या चाकांच्या गाडीलाही मागेच, आणि आमच्या डब्यात तर ढकलणारी चाकंही तीच. टायर बनवणारेही हेच सांगतात. दुकानदार "तुमची गाडी, तुमचा हट्ट" असं तोंड करून जॅक मागे घेऊन गेला.

आणखी दोन गोष्टी तिथे पाहिल्या. एक, टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का. शेवटचे दोन आकडे वर्षाचे, पहिले दोन आठवड्याचे. ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा. रबर न वापरताही उन्हाने, वयाने कडक होतं. बर्फात थंडीने जे होतं ते आपल्याकडे काळ करतो. नुसत्या खाचा बघून जुना टायर घेऊ नये. दुसरं म्हणजे माप. ओम्नीचं चाक बारा इंची, आणि तेवढ्याच मापाचा लहान मोटारीचा टायर स्वस्तात मिळतो, दिसायलाही तसाच. पण ओम्नीच्या मापापुढे एलटी ही अक्षरं असतात, म्हणजे तो ओझं पेलायला बनवलेला. ज्या गाडीत माणसं आणि पोती मागे भरायची, तिला दुसरा घालू नये. त्याने आधी तो दुसराच काढला होता.

तर असे दोन नवे टायर मागे घालून आम्ही जूनमध्ये नवलगुंदकडच्या गावी निघालो. ज्येष्ठ अमावास्येला त्या भागात मण्णेत्तिन अमावास्या असते. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. पेरणीच्या दिवसांत मातीचे बैल करून त्यांची पूजा करतात. आपल्याकडे गुरांना मान मिळतो तो दिवाळीच्या पाडव्याला, पीक हाती आल्यावर. तिथे आधी. सासूबाई सून म्हणून त्या गावच्या शेतातल्या घरी गेल्या तेव्हापासून दर वर्षी बैल करत आल्या. शेत आता खंडाने दिलंय, हाड मोडल्यापासून जाणं सुटलं होतं. या वर्षी त्या हटून बसल्या, "एकदा नेऊन आणा." डॉक्टर म्हणाले, न्या, पण आचके बसता कामा नयेत.

हुबळीच्या पूर्वेला गेलं की जमीन बदलते. धारवाडकडची तांबूस माती संपते आणि काळी सुरू होते. क्षितिजापर्यंत सपाट. एकोणिसाव्या शतकात साहेबाने इथे अमेरिकन कापूस आणून लावला तो याच मातीच्या जोरावर. आपली गोव्याची जांभ्याची माती पाऊस पिऊन टाकते, पाय लाल होतात, पण पाय जागेवर राहतो. ही काळी माती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात तिचा साबण होतो. तिथले लोक त्याला राडी म्हणतात. आपली राड ती हीच. बर्फाशी तुलना करायची तर बर्फ निदान टायर सोडतो तरी. ही माती टायरच्या खाचांत बसते ती निघत नाही, दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत, मातीचाच. तिथे कसलाही रस्त्यावरचा टायर चालत नाही, नवा असो की जुना. ट्रॅक्टर चालतो, कारण त्याची मागची चाकं उंच आणि त्यांचे तिरपे दात माती झटकून टाकतात. मागच्या चाकांनी ढकलण्याची विद्या खरी त्याची.

डांबरी संपते तिथे मी थांबलो. पुढे किलोमीटरभर शेतवाट. रात्री पाऊस शिंपडून गेला होता. खंडाने शेत करणारा माणूस वाट बघत उभा होता. त्याने चप्पल काढून दोन पावलं टाकली, पायाला चिकटलेली माती दाखवली आणि म्हणाला, "इवत्त ब्याडरी." आज नको. ट्रॉलीतून नेऊ, असं मेव्हणा म्हणाला. पण ट्रॉलीचे आचके कोण सोसणार? सासूबाई गाडीतून म्हणाल्या, "ऊन पडू दे. मला घाई नाही."

मग आम्ही थांबलो. साडेनऊपासून अडीच वाजेपर्यंत. त्या पठारावर जूनमध्ये वारा असा असतो की धोतर सुकायला अर्धा तास लागत नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला दशम्या खाल्ल्या. सासूबाईंनी बसल्या जागी त्या माणसाला त्याच्या सगळ्या घरादाराची चौकशी केली, त्यातल्या निम्म्या कन्नडचा मला पत्ता लागला नाही. अडीचला त्याने पुन्हा वाट तुडवून पाहिली. वर पापुद्रा धरला होता. मागे सासूबाई, बायको, मेव्हणा आणि बियाण्याचं एक पोतं. पुढे मी एकटा. "सावकाश होगरी," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला. दुसरा गिअर, पाय एका जागी, चाकोरी सोडून कडेच्या गवतावरून. दोनदा शेपूट हललं. दोन्ही वेळा मागून कोणी बोललं नाही, आणि त्याबद्दल मी बायकोचे आजही आभार मानतो. थांबायचं नव्हतं, थांबलो नाही.

घरापुढे उतरवलं तेव्हा बैलांची माती भिजवून ठेवलेलीच होती. सासूबाईंनी ती चिमटीत घेतली आणि ठेवून दिली. खडे आहेत म्हणाल्या. मग चाकाकडे बघत मला म्हणाल्या, "ती काढा बघू." मागच्या टायरभोवती माती गच्च बसली होती, काळी, लोण्यासारखी मळलेली. मी खुरप्याने काढून दिली. खुर्चीच्या फळीवर त्यांनी अर्ध्या तासात दोन बैल केले, वशिंडासकट. शिंगं करताना बोटं थरथरत होती, ती बायकोने केली. डोळ्यांना जोंधळ्याचे दाणे.

ढग पुन्हा येऊ लागले तसे आम्ही निघालो. येताना धोका नको म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून डांबरीपर्यंत आलो. हुबळीत गाडी धुवायला दिली. तिथल्या पोराने चाकांच्या कमानींतून पाऊण घमेलं माती काढली आणि तिचे वेगळे पन्नास रुपये मागितले. दिले.