मुंजाचा पिंपळ

कोकणातील आमच्या घरामागे पिंपळ होता आणि त्यावर मुंजा राहत असे, हे मला अक्षरओळखीपूर्वीच ठाऊक होते. मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधीच जो मुलगा गेला तो मुंजा, असे आजी सांगे. तो पिंपळ सोडून फारसा दूर जात नाही. खोड्या काढतो, पण कुणाचा जीव घेत नाही. ‘त्याला भिऊ नको, तो लहान आहे,’ हे तिचे ठरलेले वाक्य. हडळीचे पाय उलटे असतात, चकवा उजाडले की सुटतो. आजीच्या भुतांना असे नियम होते आणि ते ठाऊक असणे हीच सुटका होती.

शाळकरी वयात वाचनालयात नारायण धारप (१९२५–२००८) भेटले. त्यांच्या कथांतील अमानवी शक्ती आजीच्या नियमांना जुमानणाऱ्या नव्हत्या. तरी तेथे ‘समर्थ’ धावून येत. पुढे रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथा वाचल्या. ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकिणीवर मुलांना हसवणारा हाच लेखक गूढकथेत भय माणसाच्या मनातच वसवतो, आणि तेथे सोडवायला कोणी येईलच असे नाही. नियमांच्या आधाराकडून या निराधारपणाकडे माझे वाचन असे सरकत गेले.

एम.ए.च्या वर्गाला शिकवू लागल्यावर मात्र हे वाचन मी लपवीत असे. भयकथा म्हणजे केवळ रंजन, अभ्यासाच्या परिघाबाहेरचे, हा संकेत मीही मानला होता.

तो मोडला आजी गेल्यानंतर. आत्याने बोलता बोलता सांगितले की, आजीचा थोरला मुलगा मुंजीनंतर सहाच महिन्यांत विषमज्वराने गेला होता. त्याचे नाव घरात कधी उच्चारले गेले नव्हते. पिंपळाच्या पारावर आजी रोज तिन्हीसांजेला दिवा ठेवी, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

भूतकथा मुलांना घाबरवतात, हे खरेच. परंतु ज्या मृत्यूविषयी घरात बोलता येत नाही, तोही कधीकधी याच आडवाटेने मुलापर्यंत पोचतो. भयकथेची समीक्षा करताना आपण परकीय प्रभाव शोधतो, रचनातंत्र तपासतो; ही कथा प्रथम कोणाच्या तोंडून ऐकली, हे मात्र विचारीत नाही. आता गूढकथेच्या पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना ते विचारतो. सांगणाऱ्याच्या घरातून कोण गेले होते, हा पुढचा प्रश्न मनातच ठेवतो.