भीती कुणाकडं बघते

आमच्या वस्तीत भुताचा पिक्चर लावला की पोरं हसतात. पडद्यावर दार करकरतं, पांढऱ्या साडीतली बाई मान वळवते, वाद्यं किंचाळतात, नि आमची पोरं शेंगा फोडत म्हणतात, आता मागनं येणार बघ! मसणवट्याला लागून ज्यांची घरं, त्यांना मढ्याचं काय भ्या? गावाने आमच्या बापजाद्यांना जागाच अशी दिली की भूत हे आमचं शेजारी. मढ्याची लाकडं आम्ही फोडली, मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी आम्ही गेलो. भुताने कधी वाट अडवली नाही. अडवली ती माणसांनी.

मग आम्ही भितो कशाला? खरं सांगतो. गिरणीत पहिल्या दिवशी जॉबरने नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं. तो म्हणाला, पूर्ण सांग. मी बापाचं नाव लावलं. तो म्हणाला, आडनाव? त्या दोन-तीन सेकंदांत पोटात जे झालं ते मी आजवर कुठल्या भुताच्या पिक्चरमध्ये बघितलेलं नाही. आडनाव सांगितलं. त्याने शिवी दिली नाही, काही नाही. नुसता 'बरं' म्हणाला नि एकदा पाण्याच्या पिंपाकडं बघितलं. बस्स, एवढंच.

त्या बघण्यावर मी तीन कविता लिहिल्या नि तिन्ही फाडल्या. माझ्या कवितेत भीती आली की ती लगेच शूर होते, घोषणा द्यायला लागते. त्या दिवशी पिंपाशेजारी मी काही शूर नव्हतो. म्हणून म्हटलं, दुसऱ्यांनी ही भीती कशी धरली ते तरी बघू. चित्रं बघायला लागलो, सिनेमे बघायला लागलो. यातलं माझं कसलंही शिक्षण नाही. तिसऱ्या पाळीत डब्याच्या सुट्टीत मोबाईलवर बघितलेली चित्रं नि वाचनालयातली फाटकी पुस्तकं, ही माझी कलाशाळा. चुकलो तर दोस्तांनो, शिव्या घाला, पण वाचा.

पहिलं चित्र सगळ्यांना ठाऊक असलेलं. नॉर्वेच्या एडवर्ड मुंकचं 'किंकाळी', 1893 सालचं. लाल आभाळ, पूल, पुढं एक माणूस, गालांवर हात, तोंड उघडं. मुंकने लिहून ठेवलंय की मित्रांबरोबर फिरताना त्याला सगळ्या निसर्गातून आरपार गेलेली किंकाळी जाणवली. म्हणजे तो माणूस ओरडत नसेलही, तो कान झाकत असेल. पण माझी नजर त्याच्यावर टिकलीच नाही, ती गेली मागं. मागं पुलावर दोघं जण आहेत. काळे, उभे, चेहरा न दिसणारे. मुंकचे ते मित्र, पुढं चालत राहिलेले. मला काही ते मित्र वाटेनात. पाळी सुटल्यावर अंधारात मागनं दोघं जण दिसले की मी पहिल्यांदा बघतो ते त्यांच्या हातात काय आहे. चित्र एकच. त्याला आभाळाची भीती, मला त्या दोघांची.

दुसरी चित्रं नागपूरच्या सवी सावरकर यांची. आडनावावरून गडबडू नका, हा आपला चित्रकार. जाड काळ्या रेघा. गळ्यात मडकं अडकवलेला, झाडू बांधलेला माणूस. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं नि कमरेला झाडू ही रीत बाबासाहेबांनी 1936 च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवली. आपण ती भाषणातून शंभरदा ऐकली. ऐकून ऐकून गुळगुळीत झाली. चित्रात बघितल्यावर मला पहिल्यांदा त्या मडक्याचं वजन कळलं. मान कशी वाकत असेल, दोरी कुठं काचत असेल, पळायचं म्हटलं तर मडकं छातीवर कसं आदळत असेल.

नि एक गोष्ट डोक्यात आली. मडकं कुणीतरी घडवलं होतं. दोरी कुणीतरी वळली होती. हुकूम कुणीतरी काढला होता, नि तो पाळला जातो का हे बघायला नाक्यावर कुणीतरी पगारी उभा होता. मुंकची भीती आभाळातून येते. आपली तयार केलेली आहे, आमच्या गिरणीत सूत करतात तशी. गाठ फोडायची, पिंजायची, ओढायची, पीळ द्यायचा. खात्याखात्यातून पुढं जात शेवटी बारीक, न दिसणारा धागा. तो धागा म्हणजे जॉबरचं ते पिंपाकडं बघणं. मडकं गेलं, नजर राहिली.

आता सिनेमा. गोविंद निहलानींचा 'आक्रोश', 1980 सालचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू आदिवासी. त्याच्या बायकोवर बलात्कार करून तिला मारणारे गावातले बडे लोक, नि खुनाचा आरोप ह्याच्यावर. ओम पुरीचा लहान्या जवळजवळ सगळा पिक्चर गप्प. त्याचा वकील परोपरीने विचारतो, हा गप्प. ती भीती मला खरी वाटली. आपल्याकडं भीती किंचाळत नाही, ती गप्प बसते. तिला मागं वाद्यं लागत नाहीत.

पण शेवट बघा. बापाच्या अंत्यविधीला पोलीस लहान्याला आणतात. तिथं तो कुऱ्हाड उचलतो नि स्वतःच्या बहिणीला मारतो. बायकोवर गुदरलं ते तिच्यावर गुदरू नये म्हणून. मग ओरडतो. मी हा शेवट तीनदा बघितला. तिसऱ्यांदा मला लहान्यापेक्षा ती बहीण दिसली. तिला कुणी विचारलं, बाई तुला जगायचंय का? भीती ही उतारावरच्या पाण्यासारखी. मालकाला घाबरलेला माणूस घरी येऊन बायकोला मारतो, मार खाल्लेली बाई पोराला मारते, पोरगं कुत्र्याला दगड मारतं. मोर्च्यात आपण गर्जना करतो नि घरात बहीण उशिरा आली की विचारतो, कुठं होतीस? हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण लिहितो.

नि एक असा पिक्चर, ज्याचं शूटिंग मारणाऱ्यांनीच केलं. 11 जुलै 2016. गुजरातेत ऊनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या माणसांना धरलं, ऊना गावात नेऊन गाडीला बांधलं, उघडं करून रॉडने मारलं. नि मारणाऱ्यांनी त्याचा व्हिडिओ काढून पसरवला. स्वतःच्या विरुद्धचा पुरावा स्वतः कोण तयार करतो? ज्याला वाटतं की आपलं कोण काय वाकडं करणार. नि ज्याला वाटतं, हे बघून बाकीचे मुकाट बसतील. मडकं नि झाडू जे काम करत होते तेच काम आता मोबाईलने करायचं होतं.

पण हा पिक्चर उलटला. जो बघून लोकांनी भ्यायचं होतं, तो बघून लोक बाहेर पडले. सुरेंद्रनगरला मेलेली जनावरं नेऊन कलेक्टर कचेरीपुढं टाकली, तुमची गाय, तुम्हीच उचला म्हणून. 5 ऑगस्टला अहमदाबादेहून मोर्चा निघाला नि 15 ऑगस्टला ऊनाला पोचला. चित्र तेच, एक फ्रेम बदललेली नाही. बघणारे एकटे नव्हते, एवढाच फरक. घरात एकट्याने मोबाईलवर बघितलेली भीती नि चौकात शंभर जणांनी मिळून बघितलेली भीती या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

असं मला वाटत होतं. मग 'फॅन्ड्री'ची रात्र आली.

नागराज मंजुळेचा 'फॅन्ड्री', 2013 चा. जयंतीच्या आधी वस्तीत दाखवायचा ठरवला. समाजमंदिराच्या भिंतीवर चादर ताणली, प्रोजेक्टर मागून आणला. शे-दीडशे माणूस. बाया, म्हातारी, पोरं. माझा बा पुढं सतरंजीवर बसलेला.

तुम्ही बघितलाय. कैकाडी घरातला जब्या, त्याचं शाळेतल्या शालूवरचं प्रेम, काळ्या चिमणीच्या मागं रान तुडवणं. नि मग तो भाग, जिथं सगळं घर मिळून गावात डुकरं धरतं. बाप कचरू, आई, बहीण, जब्या. गाव नि शाळेतली पोरं कडेला उभी राहून मजा बघतात. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं नि धरायला आलेलं डुक्कर सोडून सगळं घर जागच्या जागी ताठ उभं राहतं. भुताच्या पिक्चरपेक्षा भयंकर हा भाग आहे, नि भर उन्हात, उघड्या मैदानात आहे.

तिथं आमची पोरं हसली.

सुरुवातीला डुक्कर निसटलं म्हणून हसली. ठीक. पण पडद्यावरचं गाव हसत गेलं तशी आमची पोरं मोठ्यानं हसत गेली. एकाने तर आमच्या नाक्यापलीकडं पालं टाकून राहणाऱ्या कैकाड्यांचं नाव घेऊन कोटी केली नि सतरंजी लोळली. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, कोटी चांगली होती.

बा उठला नि चालता झाला. पिक्चर सुरूच. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या, सावित्रीबाईंच्या चित्रांपुढनं डुक्कर खांद्यावर टाकून नेतात तेव्हा सतरंजी गप्प झाली. शेवटी जब्याने दगड उचलला नि सरळ आमच्याकडं भिरकावला, चादर काळी झाली, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. दगड बामणाला लागला, पाटलाला लागला असं समजून टाळ्या. नागराजने तो कॅमेऱ्याकडं मारलाय. चादरीपुढं त्या रात्री आम्हीच बसलो होतो.

घरी आलो. बा अंधारात बसलेला. मी चिडलो, तुम्हीच असं उठून गेल्यावर पोरांनी काय शिकायचं? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला,

"बहात्तरच्या दुष्काळात जनावरं पटापटा मरत हुती. ढोरं वडायचं आपुन सोडलं हुतं. पर त्या साली तुझ्या आज्ज्यानं पोटापायी पुन्यांदा वडलं. मी धा वर्षांचा आसन. पारापुढनं म्हस वडताना दोर तुटला नि म्हातारा उताना पडला. पारावरची समदी हसली." थांबला. "मी बी हसलो."

मी म्हटलं, "का?"

"नसतो हसलो तर माझ्याकडं बगितलं आसतं."

दोस्तांनो, मुंक, निहलानी सगळे राहू द्या. भीतीची याच्याइतकी खरी व्याख्या मला कुठं सापडली नाही. माझ्या बापाने पन्नासएक वर्षं ती कुणाला सांगितली नव्हती. भीतीचं तोंड नेहमी उघडं नि डोळे फाटलेले नसतात. कधी ती हसते. त्या रात्री सतरंजीवर आमची पोरं का हसत होती? कारण कैकाड्याला हसलं की आपण त्याच्या वरच्या पायरीवर उभे आहोत असं वाटतं, नि वर बसलेला आपल्याकडं बघत नाही, तिकडं बघतो. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती पुस्तकात वाचताना आपल्याला फक्त वरच्या पायऱ्या दिसतात. खालच्या पायरीवर आपलाच पाय असतो.

शेवटी एका बाईची चित्रं सांगतो. जर्मनीची केथे कोल्विट्झ. 1844 साली सायलेशियातल्या विणकरांनी उठाव केला, लष्कराने तो गोळ्या घालून मोडला. त्यावरचं हाउप्टमानचं नाटक बघून तिने 1893 ते 1897 या काळात सहा छापचित्रं केली. पहिल्यात एक आई, आजारी पोराच्या उशाशी, डोकं हातात धरून, नि मागं खोलीत माग. आम्ही सूत काढतो, ते कुठल्यातरी मागावर जातं. म्हणून तो माग मला ओळखीचा वाटला. चौथ्यात विणकर चाललेत. हातात कुऱ्हाड-बिऱ्हाड, नि पुढं एक बाई, पाठीवर झोपलेलं पोर घेऊन. पोस्टरवरचं शौर्य त्यांच्यात कुठं नाही. भ्यालेलीच माणसं, पण एकत्र चाललेली. सहाव्यात प्रेतं आणून मागाशेजारी ठेवलेली. या चित्रांना पदक द्यायची शिफारस झाली होती, जर्मनीच्या बादशहाने ती नाकारली. त्याला चित्रं बरोबर कळली होती.

ते चौथं चित्र बघताना मला महाड दिसलं. 20 मार्च 1927. तळ्याकडं चाललेली हजारो माणसं. त्यांची भीती खोटी होती का? पाणी पिऊन परतल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला, डोकी फुटली. भीती खरी होती, तरी ती चालली. पाठीवरचं पोर घेऊन चालतात तशी ती भीती घेऊन.

मी नि दोघं-तिघं गेल्या रविवारी नाक्यापलीकडं पालावर गेलो. म्हटलं, तुमच्याकडं पिक्चर दाखवायचाय, आपण मिळून बघू. एक म्हातारा टोपली विणत होता. वर न बघता म्हणाला, "पिक्चर कशापायी? आमचं आमाला म्हाईत हाय. गाडी येती नि डुकरं धरून नेती, पावती न्हाई का काय न्हाई, त्येचं काय करतासा सांगा."

मान खाली घालून आलो. अर्ज लिहिलाय. त्याची प्रत भिंतीवर, जिथं चादर लावली होती तिथंच लावलीय. सह्या करायला रविवारी सकाळी या, नि मग मिळून पालावर जाऊ. त्या दिवशी सतरंजीवर जे हसले त्यांनी आधी यावं. माझी सही पहिली आहे, पूर्ण नाव नि आडनावासकट. तिच्याखाली बाची आहे.

जयभीम.