दगडाला दाखला लागत नाही

माझे अब्बा गवंडी होते. सुट्टीच्या दिवशी ते आम्हां भावंडांना वसईचा किल्ला पाहायला नेत. एखाद्या कमानीवर हात ठेवून म्हणत, "बघा, शेकडो वर्षे झाली, पण सांधा अजून सुटला नाही!" पोर्तुगिजांच्या काळात वसईचा दगड जहाजातून गोव्याला गेला. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत तो आजही दिसतो. त्या दगडाला कोणी दाखला विचारला नाही. माणसाला मात्र विचारतात. हे मला भाईजानमुळे कळले.

भाईजान आमच्या घरातील पहिला शिकलेला. त्याने स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली. नकाशा वाचणे, लोखंडाचा हिशेब करणे, सारे त्याला येत होते. सौदी अरेबियात काम मिळेल असे कळले, तेव्हा घरात ईदसारखा आनंद झाला. पण पदविकेवर राज्य शासनाचा, परराष्ट्र मंत्रालयाचा आणि त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का हवा होता. तेथे गाडे अडले. शाळेच्या दाखल्यावर त्याचे नाव 'महंमद', पदविकेवर 'मोहम्मद' आणि पासपोर्टवर नुसतेच 'मोहद' होते! एक माणूस, तीन नावे.

घरावर कर्ज होते. थांबायला वेळ नव्हता. भाईजान गवंडी म्हणून गेला. तीन वर्षे त्याने भर उन्हात विटा रचल्या. साहेबाच्या नकाशातील चूक त्याला दिसायची, पण मजुराचे ऐकणार कोण? फोनवर अम्मी विचारी, "बरा आहेस ना?" तो "हो" म्हणे आणि गप्प होई.

तो परतला, तेव्हा मी महाविद्यालयात होते. माझे मराठी बरे होते, म्हणून सर्व अर्ज मीच लिहिले. शाळेत खेपा घातल्या. प्रतिज्ञापत्र केले. शेवटी बदललेले नाव शासनाच्या राजपत्रात छापून आले. मग एकेक शिक्का मिळाला. दुसऱ्या वेळी भाईजान पर्यवेक्षक म्हणून गेला. त्या दिवशी अब्बांनी त्याला आपला ओळंबा दिला.

देशोदेशींचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतातही. सौदी अरेबियाने २०२२ मध्ये 'अपोस्टील' ही सोपी पद्धत स्वीकारली. भारतात ती २००५ पासून आहे. पण शिक्का म्हणजे परवाना नव्हे. तेथे अभियंत्याला अभियंता परिषदेत नोंदणी करावीच लागते. २०१८ मध्ये कुवेतने भारतीय अभियंत्यांच्या अभ्यासक्रमाला 'नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन'ची मान्यता आहे का, हे पाहायला सुरुवात केली. कित्येक अनुभवी अभियंते त्यामुळे अडचणीत आले. वास्तुविशारदांचेही तसेच. १९७२ च्या कायद्यानुसार झालेली येथील नोंदणी परदेशात आपोआप चालत नाही.

आता मी शिक्षिका आहे. दहावीचे अर्ज भरताना मी प्रत्येकाचे नाव अक्षर अक्षर तपासून घेते. मुले कंटाळतात. "बाई, एका अक्षराने काय होते?" असे विचारतात. मी त्यांना भाईजानची तीन वर्षे सांगते. शाळेत असताना चूक सुधारणे सोपे असते, शाळा सोडल्यावर फार कठीण.

अब्बा म्हणत, "पहिला थर वाकडा गेला, तर वरची भिंत कितीही चांगली बांधा, ती पाडावीच लागते." म्हणून मुलांनो, आज घरी जा आणि आपला दाखला एकदा नीट वाचा.