वाकडं अंगण

परवा नातवाने टेबल टेनिसच्या बॅटसाठी रबर मागितलं. किंमत ऐकून मी उडालोच!

"अरे, तुझ्या बॅटला आत्ताही हरिकेन थ्रीच आहे ना?"

"आजोबा, ते साधं. मला नॅशनलवालं हवंय, निळ्या स्पंजचं."

मग त्याने माझीच शिकवणी घेतली. डीएचएस या चिनी कंपनीचं हे रबर एकाच नावाने तीन दर्जांत मिळतं. दुकानातलं नेहमीचं, त्यावर प्रोव्हिन्शियल आणि सगळ्यांत वर नॅशनल. वरचा चिकट पापुद्रा पाहून फरक कळायचा नाही. फरक आहे तो स्पंजात आणि निवडीत. खेळणारे सांगतात, की नेहमीच्या मालात एकाच छापाची दोन पाकिटं उघडली तर एक जरा कडक निघतं, एक मऊ. वरच्या दर्जात हा फरक कमी असतो. हजारो फटक्यांनी घडलेल्या हाताला रबर बदललं तरी फटका बदलून चालत नाही. जास्तीचे पैसे पडतात ते या भरवशाचे.

त्याच्या कोचना विचारलं. ते म्हणाले, "काका, तो कडक स्पंज दाबायला दंडात जोर लागतो. बाराव्या वर्षी साधंच बरं."

मी खूश! 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्द घशातच अडकले.

हीच म्हण मी १९८४ साली एका विद्यार्थ्याला भर वर्गात ऐकवली होती. शाळेच्या बॅटचं रबर वाळून गुळगुळीत झालं होतं, चेंडूला फिरकी म्हणून बसत नव्हती. जिल्हा स्पर्धेआधी त्याने भीत भीत विचारलं होतं, "सर, नवं रबर मिळेल का?" वर्ग हसला. तो पहिल्याच फेरीत हरला, आणि पुन्हा कधी टेबलाकडे फिरकला नाही.

गंमत बघा, १९५२ साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा जपानच्या हिरोजी सातोने स्पंजची बॅट आणून पुरुष एकेरीचं विजेतेपद नेलं, ही गोष्ट मीच वर्गात रंगवून सांगायचो. साधनाने खेळ पालटतो हे मला माहीत होतं. मात्र शाळेच्या तिजोरीतून चार पैसे मागायची वेळ आली, की मला हाताची महती आठवायची.

त्या मुलाने काही नॅशनल रबर मागितलं नव्हतं. दुकानातलं साधंच, पण जिवंत रबर हवं होतं त्याला. साधं आणि नॅशनल यांतला फरक मोठ्या खेळाडूंनी मोजावा. साधं आणि मेलेलं यांतला फरक मास्तरला कळायला हवा होता.

असो. नातवाला साधंच आणलं, पण कोरं करकरीत.

त्या मुलाचं नाव अजून लक्षात आहे, इथे लिहीत नाही. बाबा रे, कधी हे वाचलंस तर एवढंच सांगतो, त्या दिवशी अंगण खरंच वाकडं होतं.