पगाराची पावती

दशलक्षण पर्वातला आठवा दिवस उत्तम त्यागाचा. त्या दिवशी प्रवचनात दानाचे चार प्रकार ऐकायला मिळतातच: आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान. लहानपणापासून ऐकत आले. पण विशेष मुलांच्या शाळेतल्या एका बाईंचा महिन्याचा पगार यातल्या कशात बसतो, असं आमच्या मंडळात एका वहिनींनी विचारलं, तेव्हा घटकाभर कुणालाच उत्तर सुचेना. शिकवतात म्हणजे शास्त्रदान, असं एकीचं म्हणणं. मुलांना भरवतातही, म्हणजे आहारदान, असं दुसरीचं. तिसरी म्हणाली, "ते सगळं ठीक आहे हो, पण पगारावर नाव कुठं लिहायचं?" सगळ्या हसल्या. खरी अडचण तिनंच सांगितली होती.

आम्ही आबिड्सच्या, निम्म्याहून अधिक दुकानदारांच्या घरच्या. रविवारी दुकानं बंद असतात, फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो आणि आमचं मंडळही त्याच दिवशी बसतं. या भागाचं नावच मुळी एका दुकानावरून पडलेलं. सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानांच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिड यांचं ते दुकान. दुकान कधीच गेलं, नाव तेवढं राहिलं. पाटीची किंमत आम्हाला वेगळी शिकवावी लागत नाही! त्या शाळेतही बघा, वॉटर फिल्टरवर नाव, कपाटावर नाव, व्हीलचेअरच्या पाठीवर नाव. एका पंख्याच्या तिन्ही पात्यांवर 'यांच्या स्मरणार्थ' रंगवलंय; पंखा लावला की काही वाचता येत नाही.

वस्तू देणं वाईट, असं मी म्हणणार नाही. जयपूर फूटचा आपल्या समाजाला केवढा अभिमान आहे, आणि तो असावाच. 1968 च्या सुमारास डॉ. प्र. क. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय घडवला. पुढं 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि गरिबाला तो फुकट मिळू लागला. पाय बसवला की माणूस उभा राहतो, चार पावलं टाकतो, घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. देणाऱ्याला आपलं दान डोळ्यांनी दिसतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला बसवायला असा कुठला पाय नसतो. त्याला लागतं एक माणूस, तेही रोज तेच. शर्टाचं बटण लावायला शिकायला त्या शाळेतल्या एका मुलाला दीड वर्ष लागलं. याचा फोटो कसला काढणार?

ते बटण शिकवणाऱ्या बाई गेल्या वर्षी सोडून गेल्या. एका मोठ्या शाळेत त्यांना दुपटीनं पगार मिळाला. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचंही घर आहे, सासूचं औषधपाणी आहे. पण तो मुलगा तीन आठवडे डबा उघडेना. आईच्या हातूनही खाईना. नव्या बाई आल्या, त्या चार महिन्यांत गेल्या. संचालिकाबाई म्हणाल्या, "वस्तू खूप आहेत ताई, हात नाहीत."

हात का नाहीत, हे कळावं म्हणून मी त्यांच्याकडून हिशेब समजून घेतला. या मुलांना कुणीही शिकवून चालत नाही. 1992 च्या कायद्यानुसार शिक्षिकेची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी लागते. तसं शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था 1984 पासून आपल्याच गावात, बोवेनपल्लीच्या मनोविकासनगरात आहे. म्हणजे शिक्षिका घडतात घराजवळच, पण त्यांना धरून ठेवणारा पगार मिळत नाही. केंद्राची दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना आहे, तिच्यातून 90 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. हे ऐकून आमच्या खजिनदार भाभी म्हणाल्या, मग आपलं काय काम? पण हे 90 टक्के मान्य झालेल्या खर्चाचे. घरमालक जे भाडं मागतो त्याचे नव्हेत, आणि शिक्षिका ज्या पगारावर टिकेल त्याचेही नव्हेत. पाहणी व्हायची, शिफारस व्हायची, कागद वर जायचे, एखादी त्रुटी निघून परत यायचे. दुकानात माल उधारीवर आणता येतो. आयाबाईला मार्चचा पगार ऑक्टोबरात घे म्हणून कुणी सांगावं?

कायदा 2016 चा आहे, चांगला आहे. पूर्वी सात अक्षमता धरत, आता एकवीस. सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. अठराव्या वाढदिवशी मात्र आईच्या पोटात गोळा येतो. एकोणिसाव्या वर्षी मुलानं कुठं जायचं? तेलंगणात 2023 पासून दिव्यांगांना महिना 4,016 रुपये पेन्शन आहे. घरात पैसे येतात, बरंच आहे. पण त्या पैशांत आईला दुपारचे चार तास मोकळे मिळत नाहीत. ते मिळतात कुणीतरी दार उघडून मुलाला आत घेतं तेव्हा, आणि त्या दाराशी उभं राहणाऱ्याला पगार लागतो.

कंपन्यांचंही आमच्यासारखंच. 2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. त्या शाळेत एक कंपनी आली, संगणक खोली करून गेली. खोली थंडगार आहे. शिकवणारा एका वर्षापुरता होता.

आणि आपलं लाडकं गुप्तदान! एका आजींनी पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, "नाव नको बाई, पुण्य जातं." त्या आजींपुढं काय बोलणार? पण 2006 मध्ये कायदा असा झाला, की अशा सेवाभावी संस्थेला निनावी देणगी ठरावीक मर्यादेपलीकडे मिळाली, तर वरच्या रकमेवर 30 टक्के कर. मर्यादा एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, जास्त असेल ती. निव्वळ धार्मिक संस्थेला हे लागू नाही. म्हणजे तीच नोट मंदिराच्या भांडारात टाकली तर अख्खी राहते, शाळेच्या पेटीत साचत गेली तर कापली जाऊ शकते. काळा पैसा अडवायला केलेला कायदा, हेतू समजतो. पण पाटीवर नाव हवं म्हणणाऱ्यांचं निभावतं आणि नाव नको म्हणणाऱ्या आजी अडतात, हे मला अजून पचत नाही.

बरंच बोलणं झाल्यावर ठरलं ते असं. महावीर जयंतीला फळवाटपाचा जो खर्च करतो तो अर्धा करायचा, आणि दोन शिक्षिकांच्या पगारातली तूट तीन वर्षं, दरमहा पाच तारखेच्या आत, बँकेतून भरायची. तीन वर्षं हा माझा हट्ट होता. वर्षभराचा पगार देऊन बाई टिकत नाहीत, हे त्या मुलाच्या डब्यानं दाखवलंच होतं. भाभींनी पावतीपुस्तकात नवा रकाना आखला, 'पगार निधी'. एकवीस जणींनी नावं दिली आहेत. पॅन नंबर मात्र बाराच जणींचे आले. आजींकडे पॅनकार्डच नाही. त्यांच्या नातवाला परवा फॉर्म भरायला बसवलाय.