उद्या या

बँकेत वीस वर्षं काढली की माणसाच्या तोंडात दोन शब्द कायमचे बसतात. ‘उद्या या.’ पासबुक भरून हवंय? उद्या या. सहीवाले साहेब? उद्या या. मी झोपेतही हेच बडबडतो, अशी हिची तक्रार आहे. पण हे शब्द उलट मलाच कुणीतरी ऐकवील, आणि तेही कासवांच्या वतीने, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

झालं असं की, मुलीच्या हट्टापायी आम्ही मार्चमध्ये वेळासला गेलो. वेळास हे मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटजवळचं गाव. नाना फडणविसांचं. म्हणजे पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी अर्धा शहाणा इथला. उरलेलं शहाणपण गावाने अलीकडे भरून काढलंय.

इथे थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासविणी रात्री किनाऱ्यावर येतात. मागच्या पायांनी घड्यासारखा खड्डा खणतात, त्यात शंभरेक अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि जातात. पुन्हा फिरकत नाहीत. ना पावती, ना वारसाचं नाव! पूर्वी ही ठेव भलतेच लोक मुदतीआधी काढून न्यायचे. कुत्री, कोल्हे आणि माणसं. 2002 साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरलं आणि राखण सुरू झाली. गावातले कासवमित्र भल्या पहाटे किनारा पालथा घालतात, अंडी न उलटवता अलगद उचलतात आणि कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. वर पाटी. तारीख, अंड्यांचा आकडा. पन्नासेक दिवसांनी मुदत भरते.

2006 पासून इथे कासव महोत्सवही भरू लागला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात. आम्हीही उतरलो आणि काकूंच्या हातचे उकडीचे मोदक मी किती खाल्ले, तो आकडा हिने चारचौघांत जाहीर केला. पण मला ही व्यवस्था पटली. नुसतं ‘कासवं वाचवा’ म्हटलं असतं, तर गावाने मान डोलावली असती आणि अंडी खाल्ली असती. पिल्लू निघालं तर पाहुणा येतो, पाहुणा आला तर चार पैसे येतात. हा हिशेब कारकुनालाही कळतो.

सकाळी कुंपणापाशी ही गर्दी! कासवमित्राने खड्ड्यावरची टोपली उचलली. खाली वाळू. दुसरी उचलली. वाळू.

“आज सकाळी काय नाय साहेब. संध्याकाळी या. नायतर उद्या या.”

“अहो, आम्ही पुण्याहून आलोय!” एक गृहस्थ तडकले. हेच वाक्य काउंटरपलीकडून मी हजारदा ऐकलंय, फक्त तिथे कोथरूडहून आलेले असतात. ही माझ्याकडे बघून इतकी हसली की टोपी उडाली.

वेळ काढायला कासवमित्राने माहिती दिली. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. “म्हणजे घरातला कर्ता तापट असला की मुली होतात,” हिने अर्थ लावला.

संध्याकाळी दुसऱ्याच टोपलीखाली वाळू हलली. आधी एक काळं बोट वर आल्यासारखं वाटलं, मग डोकं, मग एकावर एक अकरा पिल्लं. सगळी मिळून एका ताटलीत मावतील एवढी. पाण्यापासून थोडी अलीकडे सोडली. ती आपली आपण निघाली. एक मात्र उलट, आमच्या दिशेने. मुलगी वाकली, तशी कासवमित्राने तिला थांबवलं. “त्याला चालू दे ताई. कळतं त्याला.” बराच वेळ गेला. पिल्लू वळलं. लाटेने दोनदा मागे टाकलं, तिसऱ्यांदा नेलं.

गर्दी टाळ्या वाजवत होती. मी नाही वाजवल्या. मला मामाचं गाव आठवत होतं. तेही कोकणातच, समुद्रकाठी. मी नऊ वर्षांचा असेन. थोरल्या पोरांनी खड्डा शोधला होता. पिंगपाँगच्या चेंडूसारखी अंडी, दाबली की खळगा पडायचा. कितीही उकडली तरी पांढरं घट्ट होईना, याचंच आम्हाला हसू. मी दोन खाल्ली. कायद्याने तेव्हाही तो गुन्हाच होता, पण आम्हाला मामीच्या ओरड्यापलीकडे कायदा ठाऊक नव्हता.

अंधार पडल्यावर मी हे कासवमित्राला हळूच सांगितलं. माणूस माझ्याच वयाचा.

“दोनच?” तो म्हणाला. “मी तर मोजली पण नाय कधी.”

मग विजेरीच्या उजेडात त्याने वही काढली. खड्ड्याचा नंबर, अंडी, निघालेली पिल्लं, तारीख. आजची अकरा त्याने मांडली.

“बेरीज तपासून देऊ का?” मी विचारलं.

त्याने पेन्सिल पुढे केली. मी तीन पानं तपासली. बरोबर होती.